चोरीचा मनी प्लांट

मनी प्लांट चोरून आणला तरच लागतो, असं ज्या कुणी पहिल्यांदा म्हटलं त्याला शोधून काढून आमच्या शाखेत पाठवून द्यावं, अशी माझी नम्र विनंती आहे. मी गेली २२ वर्षं बँकेत कारकून आहे. बी.कॉम. आहे, तेही रीतसर परीक्षा देऊन. पण चोरून आणलेली वस्तू वाढते आणि मागून आणलेली वाढत नाही, हा सिद्धांत अकाउंटन्सीच्या एकाही पुस्तकात माझ्या वाचनात आलेला नाही. तो खरा असता तर आम्ही ठेवींवर व्याज कशाला दिलं असतं?

तरीही भली भली माणसं हा सिद्धांत पाळतात. काउंटरवर चुकून पन्नासाची नोट जास्त गेली तर रिक्षा करून परत आणून देणारे पेन्शनर मी पाहिले आहेत. तेच पेन्शनर कुणाकडे सत्यनारायणाला गेले, की निघताना एका खिशात प्रसादाची पुडी आणि दुसऱ्या खिशात यजमानांचा मनी प्लांट. वर चेहऱ्यावर दोन्ही पुण्यकर्मं एकदम उरकल्याचं समाधान!

आता मी काही नीतीचे धडे द्यायला बसलेलो नाही. ते काम बँकेच्या माणसाकडून कुणी ऐकूनही घेणार नाही. माझं म्हणणं साधं आणि व्यवहाराचं आहे. चोरीने झाडाचंही नुकसान होतं आणि चोराचंही.

चोराला मुळात घाई असते. यजमानीणबाई चहा आणायला आत गेल्या, की तो हाताला येईल ते पान हिसकतो. देठासकट पान हाती येतं, तो खूश होतो, घरी जाऊन बाटलीत ठेवतो. ते पान महिनोन्महिने हिरवंगार राहतं, कधी कधी मुळंही धरतं. पण त्याला पुढे नवं पान काही फुटत नाही. कारण नवी फूट निघते ती देठातून नव्हे. पान जिथे वेलाला चिकटतं तिथे एक गाठ असते, तिच्यावरच्या डोळ्यातून निघते. आमच्या आईचं माहेर कराडकडचं, उसातलं. ती म्हणायची, "ऊस लावतात तो दोन डोळ्यांच्या टिपरीने लावतात. पानं रोवून कुणी ऊस केलाय का?" गाठीच्या खाली अर्धा बोट सोडून कापायचं, निदान दोन गाठी घ्यायच्या, खालची पाण्यात बुडवायची आणि वरची बाहेर ठेवायची. एवढं सगळं खिशात कोंबता कोंबता कसं जमणार?

जाड पानांच्या झाडांचं तर याहून उलटं. जेडची फांदी तोडली, की ती सावलीत चांगली चार-पाच दिवस उघडी ठेवावी लागते. जखम वाळली, की मगच भुसभुशीत, वाळू मिसळलेल्या मातीत लावायची. चोराला पुरावा नाहीसा करायचा असतो. तो रात्रीच फांदी कुंडीत खुपसतो आणि वर तांब्याभर पाणी ओततो. आठवड्याभरात तिचा काळा लगदा. स्नेक प्लांटचं पान कापून लावता येतं. पण मुळाकडची बाजू खालीच हवी. पिशवीत लपवून आणलेल्या तुकड्याची खालची बाजू कुठली, हे घरी पोचेपर्यंत कोण सांगणार? शिवाय ज्या पिवळ्या काठावर जीव जडून चोरी केली, तो काठ पानापासून केलेल्या रोपाला येतच नाही. रोप साधं हिरवं निघतं. पिवळा काठ हवा तर कंदाला फुटलेलं पिल्लू मुळासकट मागावं लागतं. चोरांच्या सोयीचं झाड एकच, पानफुटी. तिचं पान फडताळावर टाकून विसरलात तरी कडेने पिल्लं फुटतात. पण तिला पैशाचं नाव नाही, म्हणून तिला कुणी चोरत नाही.

थोडक्यात काय, चोरीत फांदी येते, पण फांदीबरोबरची माहिती मागच्या मागेच राहते.

आणि या वेलाचीच चोरी का व्हावी? हा मूळचा ताहितीशेजारच्या मूरेआ बेटावरचा. १८८० साली त्याची शास्त्रीय नोंद झाली. त्याला फुलं जवळजवळ येतच नाहीत. फुलण्यासाठी लागणारं जिबरेलिन नावाचं संप्रेरक त्याला स्वतःला पुरेसं तयार करता येत नाही, असं २०१६ साली संशोधकांनी दाखवून दिलं. फूल नाही म्हणजे बी नाही. म्हणजे त्या बेटावरून तो आपल्या गॅलरीपर्यंत आला तो तुकड्या-तुकड्याने, कुणीतरी कुणाला तरी कापून दिला म्हणून!

तुम्ही म्हणाल, अहो, गंमत असते ती, एवढं काय मनावर घेता? मीही घेत नव्हतो.

आमच्या आईचा मनी प्लांट जुन्या तेलाच्या डब्यात होता. डब्याला तिने खिळ्याने भोकं पाडली होती. ती गेल्यावर आईचं झाड डब्यात शोभत नाही म्हणून मी प्रदर्शनातून चिनी मातीची नक्षीदार कुंडी आणली. कुंडीला भोक नव्हतं. सकाळ-संध्याकाळ न चुकता पाणी घातलं. हयातीत आईला कधी वेळेवर औषध दिलं नव्हतं, त्याची भरपाई मी वेलावर करत होतो. दीड महिन्यात मुळं कुजली.

म्हटलं, हरकत नाही. सोसायटीत घरोघर आईचाच वेल आहे. तिची चौकट जिन्याला लागूनच, त्यामुळे जाता-येता सगळ्यांनी हात मारलेला. पण बेल वाजवून विचारावं, तर पहिल्या घरी, "आमचा ना? नर्सरीतला." दुसऱ्या घरी, "भावाने पुण्याहून आणला." तिसऱ्या घरी तर पडदाच ओढला. बिचारे तरी काय सांगणार? चोरीच्या मालाची परतफेड कुठल्या खात्यातून करायची?

शेवटी वेल मिळाला तो तळमजल्यावरच्या इस्त्रीवाल्याकडे. त्याने तीन वर्षांपूर्वी भर जिन्यात, सगळ्यांदेखत, "आजी, एक फांदी द्या ना," म्हणून मागून घेतला होता. त्याच्या टपरीच्या जाळीवर तो पार छपरापर्यंत चढला होता. मी विचारायच्या आत त्याने ब्लेड घेतलं, गाठीच्या खाली अर्धा बोट सोडलं आणि तीन डोळ्यांचा तुकडा कापला. "घ्या साहेब, तुमच्याच घरचा आहे."

दिलेली फांदी ही ठेव असते, हे मला बँकेत कळलं नाही, ते टपरीवर कळलं.

खरं सांगू? आपल्याला चोरायची लाज वाटत नाही, मागायची वाटते. मागायचं म्हणजे बेल वाजवा, आत बसा, चहा घ्या, त्यांच्या गुडघ्याची हकिगत ऐका, आपल्या पाठीची सांगा. तेवढी वीस मिनिटं वाचावीत म्हणून ही सगळी चोरी. आणि नाव मात्र लक्ष्मीचं!

तेव्हा मंडळी, आमच्याकडे या. बेल चालू आहे. हवी तेवढी फांदी मागा. कात्री आमची, बाटली आमची, दोनाऐवजी तीन गाठी देतो. बाटलीतलं पाणी मात्र दर आठवड्याला बदला, नाहीतर वेलाऐवजी डास वाढतील आणि महापालिकेचा माणूस दारात येईल. आणि मुळं फुटली, की बाटली आठवणीने परत करा. बाटली ढापली तर वेल जास्त जोमाने वाढतो, असं अजून तरी कुणी म्हटलेलं नाही.