दुपारच्या आत परत

चैत्र म्हटला की आपल्या मनासमोर कडुनिंबाची कोवळी पालवी, कैरीची डाळ आणि गार पन्हे उभे राहते. गेल्या चैत्रात मात्र मी स्वीडनच्या उत्तर टोकाला, आबिस्को येथे, बर्फावर उभा होतो आणि तिथली माणसे वसंत आल्याचे आनंदाने सांगत होती. सभोवार एकही हिरवे पान नव्हते. बर्च झाडांच्या उघड्या काटक्या, सुमारे 70 किलोमीटर लांबीचा तोर्नेत्रेस्क तलाव गोठून सपाट झालेला आणि डोंगर माथ्यापासून पायथ्यापर्यंत पांढरे.

हळदीच्या सौद्यांचे दिवस सोडून एवढ्या दूर कशाला, असे पेठेत अनेकांनी विचारले. कन्या पाच वर्षे त्या देशात नोकरीला आहे. तिने आता घरी परतावे, याविषयी एकदा समोरासमोर बोलावे असा माझा हेतू होता. तिने मात्र एकच अट घातली, “अण्णा, येणारच असाल तर एप्रिलमध्ये या.” संध्याकाळी स्टॉकहोमला गाडीत बसलो, ते दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुमारास आबिस्कोला उतरलो.

आपण वर्षाचे सहा ऋतू मानतो. त्या प्रदेशातील सामी लोक, ज्यांचे जीवन रेनडिअरच्या कळपांभोवती फिरते, आठ मानतात. हिवाळा आणि वसंत यांच्यामध्ये त्यांचा एक स्वतंत्र ऋतू आहे. स्वीडिश भाषेतही त्याला ‘वसंत-हिवाळा’ अशा अर्थाचेच नाव आहे. हे गाव उत्तर ध्रुववृत्ताच्याही पलीकडे, 68 अंशांवर वसलेले. डिसेंबरात तिथे सूर्य क्षितिजावर येतच नाही आणि मेअखेरीपासून काही आठवडे तो मावळत नाही. या दोहोंमधल्या दिवसांत उजेड इतक्या वेगाने वाढतो की आठवड्याला जवळजवळ तासभर दिवस मोठा होतो. बर्फ हिवाळ्याचा, प्रकाश उन्हाळ्याचा. फुले यायला तिथे पुष्कळ अवकाश असतो. लोकांची त्याविषयी तक्रार दिसली नाही.

या ऋतूचे खरे वैभव मला दुसऱ्या दिवशी सकाळी कळले. दिवसा ऊन पडते, बर्फाचा वरचा थर किंचित वितळतो आणि पाणी कणाकणांत मुरते. रात्री आकाश निरभ्र असले की दिवसाची ऊब निघून जाते आणि तोच थर गोठून घट्ट होतो. सकाळी त्याचे कवच माणसाचा भार सहज पेलते. हिवाळ्यात जिथे स्कीशिवाय पाऊल टाकता येत नाही, तिथे आपण साध्या बुटांनी, वाट सोडून, हवे तिकडे चालत सुटावे! खाली कमरेएवढा बर्फ आणि वर आपण फरसबंदीवर चालल्यासारखे. साठी उलटलेला मी त्या सकाळी मुलासारखा चाललो, हे कबूल करतो.

सात वाजता निघालो होतो. दहाच्या सुमारास वाऱ्याच्या आडोशाला तिने फावड्याने बर्फात बैठक खणली. ऊन समोरून येत होते आणि बर्फावरून उलटून खालूनही येत होते. ताजा बर्फ पडलेल्या प्रकाशातील 80 टक्क्यांहून अधिक परत फेकतो. काळा चष्मा नसेल तर डोळ्यांना इजा होऊन काही काळ दिसेनासे होऊ शकते, ही अतिशयोक्ती नव्हे. माझी हनुवटीसुद्धा खालच्या बाजूने भाजून निघाली. इतर मंडळी रेनडिअरची कातडी अंथरून बसली होती. आम्ही आपली रबरी चटई घातली, खाकरे आणि लिंबाचे लोणचे काढले. कोणी गोठलेल्या तलावाला भोके पाडून मासे धरीत होते. तिकडे पाठ केली की समोर डोंगर होताच.

त्या डोंगराच्या उतारावर करड्या ठिपक्यांची एक रांग सरकत होती. गाभण रेनडिअर माद्या पिलांच्या जन्मासाठी वर निघाल्या होत्या. मे महिन्यात त्या वितात. मी जवळून पाहू या म्हणालो, तिने हात धरून थांबवले. हिवाळाभर खुरांनी बर्फ उकरून दगडफूल जातीचे शेवाळ खाल्लेली ती जनावरे आधीच क्षीण झालेली असतात. माणूस पाहून धावली तर उरलेली शक्ती खर्च होते. अलीकडे ऐन थंडीत पाऊस पडतो, जमिनीलगत बर्फाची लादी होते आणि त्यांना ते शेवाळही मिळत नाही. मग पाळणाऱ्यांना चारा विकत आणून घालावा लागतो. गुरांच्या छावण्या पाहिलेल्या आपल्या दुष्काळी भागातील माणसाला यातले दुःख वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

“अण्णा, आता परत,” अकराला ती म्हणाली. मला उठवेना. आणखी अर्धा तास, म्हणून मी हट्ट केला. दुकानाचा मालक मी, घड्याळ पाहून उठण्याची सवय नाही. परतताना शंभरेक पावलांवर माझा पाय मांडीपर्यंत खचला. तो काढावा तर दुसरा खचला. सकाळची फरसबंदी दगा देत होती. तिने मला पोटावर आडवे होण्यास सांगितले, म्हणजे भार पसरतो. तसाच सरपटत मी तांबड्या फुल्यांच्या खांबांनी आखलेल्या दाबलेल्या वाटेवर आलो. दोन तासांचा रस्ता चार तासांचा झाला. ती रागावली नाही. कुठे पाय टाकावा, ते पुढे राहून दाखवत होती आणि मी तिच्या पावलांत पाऊल टाकीत होतो.

संध्याकाळी खोलीत ओले मोजे शेगडीजवळ टांगताना तिने विचारले, “अण्णा, तुम्ही काही बोलणार होता ना?”

खिडकीबाहेर आठ वाजून गेले तरी उजेड होता. आकाशात ढगाचा लवलेश नव्हता. म्हणजे रात्री गोठणार.

“उद्या किती वाजता निघायचे, तेवढे सांग,” मी म्हणालो.