परसातील पाखरांची वही

फाल्गुन लागला की आंब्याचा मोहोर दरवळतो आणि कोकिळेचा पंचम स्वर ऐकू येतो, असे आपण दरवर्षी निबंधात लिहितो. परंतु यंदा तो स्वर प्रथम कोणत्या दिवशी ऐकला, असे कोणी विचारल्यास आपणांपैकी कितीजण उत्तर देऊ शकतील? वसंताचे वर्णन आपण पाठ केले. वसंत मात्र पाहिला नाही. म्हणून प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या परसातील पक्षी व पतंग यांची वही ठेवावी, असे आम्हांस आग्रहाने सांगावेसे वाटते.

पाहिल्यावाचून बोलल्याने काय होते, हे आपली भाषाच दाखविते. ‘कोकिळा गाते’ असे आपण म्हणतो. वास्तविक ‘कुहू’ करणारा तो काळाभोर, लाल डोळ्यांचा नर होय. मादी तपकिरी व ठिपकेदार असून तिचा आवाज ‘किक्‌ किक्‌’ असा कर्कश असतो. सुगरणीचेही तसेच, नाव स्त्रीलिंगी, परंतु घरटे विणतो नर! मुंबईचे पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली यांनी अलिबागेजवळील किहीम येथे राहून सुगरणींच्या वसाहतीवर नजर ठेविली व आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. नर अर्धे घरटे विणतो, मादी ते पारखून पसंत करते, आणि ती अंड्यांवर बसली की नर दुसरे घरटे विणावयास घेतो, हे त्यांनी दाखवून दिले. त्यांची मुख्य साधने डोळे, धीर आणि वही एवढीच होती.

पक्ष्यांचे कौतुक करणारे पुष्कळ आहेत. पतंगाची मात्र दिव्यावर झेपावणारा वेडा म्हणून उपेक्षा होते. ती परवडणारी नाही. मक्याचा पोंगा पोखरणारी, मूळची अमेरिका खंडातील लष्करी अळी २०१८ साली कर्नाटकात आढळली व त्याच वर्षी महाराष्ट्रात आली. ती एका निशाचर पतंगाचीच अळी होय. उलटपक्षी, दाणे टिपणारी चिमणीदेखील आपल्या पिलांस अळ्या भरविते. पतंग नाहीत तर अळ्या नाहीत, अळ्या नाहीत तर पिले नाहीत. तेव्हा दोहोंचा जमाखर्च एकाच वहीत हवा.

किकवीस आमच्या परसात आम्ही हा उपक्रम या फाल्गुनात आरंभिला. सकाळी पंधरा मिनिटे पक्षी पाहावे आणि रात्री पांढऱ्या धोतरावर दिवा धरून पतंग मोजावे, असा क्रम ठेविला. बहुतेक पतंग पावसाळ्यात निघतात, त्यामुळे कित्येक रात्री ‘एकही नाही’ असेच लिहावे लागले. परंतु हीदेखील नोंदच होय. पहिल्या आठवड्यात आम्ही दोन पतंगांची नावे ठोकून दिली व ती पुढे खोडावी लागली. तेव्हापासून नाव ठाऊक नसल्यास रंग, आकार व मिशा यांचे वर्णन लिहितो. जीव मारून टाचणीस लावण्याचे कारण नाही.

कोणी म्हणतील, हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे. परंतु आमची आजी म्हणते, पूर्वी चिमण्या फार होत्या. आजोबा म्हणतात, तेवढ्याच आहेत. सातारा रस्ता रुंद झाला, रात्रीचे दिवे वाढले. त्याने पाखरे घटली की नाही, हे सांगावयास गावात एकही जुनी वही आमच्या पाहण्यात नाही. जे लिहिलेच नाही, ते हरवल्याचे सिद्ध कसे करावे? दरवर्षी फेब्रुवारीत चार दिवस जगभर परसातील पक्ष्यांची गणना होते, आणि २०१३ पासून भारतीयही तीत भाग घेतात. तीत किमान पंधरा मिनिटांची नोंद पुरते.

बंधुभगिनींनो, जुन्या वह्यांत कोरी पाने उरलीच असतील. त्यांवर आजची तारीख घाला, वेळ लिहा आणि परसात जाऊन बसा. आपल्या नातवंडांचा असाच वाद पडेल, तेव्हा त्यांच्या हाती निदान एक वही असावी.