गायरानातील बिननोंदीचे रहिवासी

भाद्रपदातल्या उघडिपीच्या रात्री मंठ्याकडील किंवा जाफराबादेकडील एखाद्या गायरानाच्या कडेला जो कोणी घटकाभर उभा राहिला असेल, त्याला हे सांगावयास नको की, काळोख दाटताच कुसळी गवतातून आणि बोरीबाभळींच्या झुडपांतून जो अखंड नाद उठतो, तो एका जातीच्या कीटकाचा नसतो. एक स्वर सलग वाहतो, दुसरा थबकत थबकत येतो, तिसरा तर इतका बारीक असतो की तो कानाला लागतो आहे की केवळ भास होतो आहे, याचाच निर्णय होत नाही. आणि आपण मात्र या सगळ्यांना ‘रातकिडे’ या एका नावाने संबोधून घराकडे वळतो.

गेल्या पावसाळ्यात बॅटरीच्या अंधुक उजेडात अशा एका गायकाला मी हिवराच्या फांदीवर पाहिले. तो लांब मिशांचा हिरवा नाकतोडा होता. टोळाच्या मिशा आखूड असतात. याच्या मिशा त्याच्या देहाहूनही लांब होत्या आणि वाऱ्याची झुळूक नसतानाही हलत होत्या. डावा पंख उजव्यावर चढवून तो घासत होता, कारण डाव्या पंखाच्या खालच्या अंगाला कानशीसारखी दातेरी शीर असते आणि उजव्या पंखाची कड तिच्यावर फिरली म्हणजे नाद उमटतो. त्याचे कान मस्तकावर नसतात, पुढच्या पायांवर गुडघ्याच्या किंचित खाली असतात. उजेड अंमळ जवळ जाताच तो निःशब्द झाला. बॅटरी विझवून मी स्तब्ध राहिलो, तेव्हा बऱ्याच वेळाने त्याने पुन्हा आरंभ केला.

ज्या टेटिगोनिडी कुलात हा नाकतोडा मोडतो, त्यात जगभर आठ हजारांहून अधिक जाती आजवर नोंदल्या गेल्या आहेत. त्यांत नव्या जातीची भर घालणे म्हणजे केवळ तिला नाव देणे नव्हे. दातेरी शिरेवरील दाते मोजावे लागतात, नराच्या उदराच्या टोकाशी असलेल्या आकड्यांच्या जोडीचा आकार पाहावा लागतो, मादीच्या तलवारीसारख्या अंडनलिकेचा बाक तपासावा लागतो आणि पूर्वी वर्णिलेल्या सजातीयांशी हे सर्व ताडून पाहावे लागते. मग ज्या एका नमुन्यावर ते नाव कायमचे आधारलेले राहते, त्याच्या टाचणीखाली एक इवलीशी चिठ्ठी लावतात: गाव, तालुका, जिल्हा, तारीख, धरणाऱ्याचे नाव. आपल्या सातबाऱ्याहून ती फार निराळी नाही. या रहिवाशाचे या मातीशी असलेले नाते सिद्ध करणारा तो दस्तऐवजच होय.

तथापि देह पुरेसा बोलका असतोच असे नाही. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील रोहिणी बालकृष्णन व विवेक नित्यानंद यांनी 2006 साली दाखवून दिले की, दक्षिण भारतातील मेकोपोडा वंशाचे जे नाकतोडे दिसावयास हुबेहूब सारखे, त्यांची गाणी मात्र पाच निरनिराळ्या प्रकारची आहेत. जालन्याच्या माणसाला याचे मर्म समजावून सांगण्याची गरज नसावी. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 साली ज्या शहरात बियाण्यांच्या उद्योगाचा पाया घातला, त्या शहराला दिसण्यात सारखी असणारी दोन रोपे वाणाने भिन्न असू शकतात, हे पुरते ठाऊक आहे. जी चिकित्सक दृष्टी आपण कपाशीच्या बोंडाला देतो, ती बांधापलीकडच्या गवताला का देऊ नये, हा माझा प्रश्न आहे.

याचे कारण दप्तरात सापडते. जी जमीन पिकत नाही ती पोटखराब, आणि गायरान म्हणजे केव्हातरी कोणाला तरी द्यावयाची शिल्लक, असा समज महसुली व्यवहारात मुरलेला आहे. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या माळावर पवनचक्क्या फिरतात; त्याच माळावरच्या, कंठाखाली निळे-नारिंगी पंख्यासारखे कातडे फुलविणाऱ्या सरड्याचे वर्णन दीपक वीरप्पन, वरद गिरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2016 साली नवी जाती म्हणून प्रसिद्ध केले आणि त्या वंशाला नाव दिले ‘सरडा’. आपल्या बोलीतला शब्द जगाच्या प्राणिशास्त्रात कायमचा नोंदला गेला तो ओसाड ठरविलेल्या माळामुळे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

गायरानाचा प्रश्न मराठवाड्यात भूमिहीनांच्या भाकरीशी निगडित आहे, आणि दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली 1964 साली ज्यांनी जमिनीसाठी तुरुंग पत्करला, त्यांच्या हक्काविरुद्ध एक अक्षरही लिहिण्याची माझी इच्छा नाही. माझा आक्षेप आहे तो डोळे मिटून होणाऱ्या वाटपाला, मग ते प्रकल्पासाठी असो वा गोदामासाठी. 2002 च्या जैवविविधता कायद्याने स्थानिक संस्थांवर जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमण्याची जबाबदारी टाकली आहे, तिच्याकडून लोक जैवविविधता नोंदवही अपेक्षिली आहे आणि नव्या जातीचा नमुना अधिकृत संग्रहालयात जमा करण्याचे बंधन घातले आहे. गायरानाचा तुकडा हस्तांतरित होण्यापूर्वी तिथल्या रात्रीचा नाद एक पावसाळाभर ऐकून त्याची नोंद या वहीत घ्यावी, एवढीच माझी मागणी आहे. जिल्ह्यातील महाविद्यालयांचे प्राणिशास्त्र विभाग हे काम अंगावर घेऊ शकतील. मात्र साध्या मोबाइलवर विसंबून चालणार नाही, कारण कित्येक नाकतोड्यांचा स्वर मानवी श्रवणाच्या मर्यादेपलीकडे जातो आणि त्यासाठी निराळे ध्वनिमुद्रण यंत्र लागते.

आणि हे काम वेळेवर झाले पाहिजे. गवत वाळू लागले की दिवाळीच्या सुमारास बहुतेकांचा आवाज थांबतो. वैशाखात तलाठी पंचनाम्यास गेले, तर त्यांना पिवळी कुसळे आणि तापलेली मुरमाड जमीन एवढेच दिसेल, आणि ‘काही आढळून आले नाही’ असे ते लिहितील. परंतु त्या वेळी पुढच्या पावसाची वाट पाहणारी अंडी त्यांच्या पायांखालच्या मातीत आणि वाळल्या काड्यांच्या पोटात असतील.