पंचनाम्यात मजूर बाई कुठे आहे?

२२ जुलै २०२३ रोजी बुलढाणा जिल्ह्यातील संग्रामपूर व जळगाव जामोद तालुक्यांत अतिवृष्टीने पूर आला. शेते खरडून गेली, घरांत पाणी शिरले. पिकाचा पंचनामा सातबाऱ्यावर चालतो. ज्यांच्या नावे जमीनच नाही त्यांचे काय? दादासाहेब गायकवाडांच्या १९६४ च्या भूमिहीन सत्याग्रहानंतरही हा प्रश्न उभाच आहे! पाणी घरात शिरले तर सानुग्रह अनुदान मिळते. पण खरडलेल्या शेतावरची निंदणी-वेचणी बुडाली, तिला पंचनाम्यात रकाना नाही. आणि ही मजुरी प्रामुख्याने बाईची.

अशा वेळी कामी येतो तो बचत गट. हजार-दोन हजार उचलता येतात, सावकाराचे दार टळते. पण हा पैसा कोणाचा? तिच्यासारख्याच मजूर बायांचा. साऱ्या वस्तीत पाणी शिरले की गटाची पेटीही रिकामी होते. गरिबांनीच गरिबांना सावरायचे आणि शासनाने त्याला महिला सक्षमीकरण म्हणायचे, हा कुठला न्याय?

किल्लारीचा दाखला वेगळा आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर शासनाच्या घरदुरुस्ती कार्यक्रमात, प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोगाच्या पुढाकाराने, महिला मंडळांतील बाया ‘संवाद सहायक’ झाल्या. अनुदान किती, भिंत मजबूत कशी करायची, हे त्या गावाला समजावत. कामावर नजर ठेवत. तिथे बाई नुसती लाभार्थी नव्हती.

बुलढाण्यात ‘माविम’चे, ‘उमेद’चे गट आहेत. पंचनामा पथकात गटातील एक भूमिहीन बाई घ्या, यादी वस्तीत वाचून दाखवा, बुडालेल्या मजुरीचा रकाना वाढवा. पहिल्या दोन गोष्टींना तर तिजोरीला हातही लावावा लागत नाही.