वात्सल्याला अटीची लाज नको

दुय्यम निबंधक कार्यालयाच्या बाकावर बसलेले वृद्ध दांपत्य आणि शेजारी कागदपत्रे चाळणारा त्यांचा मुलगा, हे दृश्य महाराष्ट्रातील कोणत्याही तालुक्याच्या गावी दिसते. हयातीतच घर मुलाच्या नावे करून मोकळे व्हावे, मागे भाऊबंदकी उरू नये, हा त्यामागचा सद्हेतू. राज्य शासनाने २०१५ मध्ये राहते घर वा शेतजमीन मुलांना बक्षीस देण्यासाठीचे मुद्रांक शुल्क २०० रुपयांवर आणले आणि ही वाट अधिकच सुकर झाली. ‘प्रेमापोटी’ हा शब्द बक्षीसपत्रात आवर्जून येतो. ‘मुलगा आमचा अखेरपर्यंत सांभाळ करील’ हे वाक्य मात्र बहुधा राहून जाते. कारण ते लिहावे लागते, हेच कोणाच्या मनात येत नाही. पुढे हेच न लिहिलेले वाक्य वृद्धांना घराबाहेर काढते.

आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहासाठी संसदेने २००७ मध्ये स्वतंत्र कायदा केला. महाराष्ट्रात तो १ मार्च २००९ पासून लागू आहे. साठी ओलांडलेल्या, स्वतःच्या उत्पन्नावर वा मालमत्तेवर गुजराण करू न शकणाऱ्या व्यक्तीस मुलांकडून निर्वाह खर्च मागता येतो. त्यासाठी दिवाणी न्यायालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागत नाहीत. उपविभागीय अधिकाऱ्यांपुढील न्यायाधिकरणाकडे साधा अर्ज पुरतो आणि नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निर्णय अपेक्षित असतो. फार तर ३० दिवसांची मुदतवाढ मिळते. वृद्धांना वाऱ्यावर सोडणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कारावासाची तरतूदही आहे.

या कायद्याचा खरा कणा म्हणजे कलम २३. कायदा लागू झाल्यानंतर ज्येष्ठाने सांभाळाच्या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने ती अट मोडली, तर ते हस्तांतरण न्यायाधिकरण रद्द ठरवू शकते. पण येथेच मेख आहे. हस्तांतरण अशा अटीवर झाले होते हे दाखवता आले नाही, तर केवळ सांभाळ होत नाही म्हणून ते रद्द होणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले. २ जानेवारी २०२५ च्या निकालात त्याच न्यायालयाने अधिक उदार भूमिका घेतली. मध्य प्रदेशातील एका मातेने २०१९ मध्ये मुलाला बक्षीसपत्र करून दिले होते. सांभाळाची हमी देणारे वचनपत्रही होते. उपविभागीय अधिकारी, जिल्हाधिकारी आणि उच्च न्यायालयाचे एकल न्यायमूर्ती या तिघांनीही तिच्या बाजूने कौल दिला, पण खंडपीठाने तो फिरवला. अखेर सर्वोच्च न्यायालयाने बक्षीसपत्र रद्द करून तिला ताबा परत देण्याचा आदेश दिला. हा कायदा ज्येष्ठांच्या कल्याणासाठी आहे, म्हणून त्याचा अर्थही त्याच दृष्टीने लावला पाहिजे, असे न्यायालयाने बजावले. न्याय मिळाला खरा. परंतु त्यासाठी एका वृद्ध मातेला दिल्लीपर्यंत जावे लागले.

यावर काही सज्जन विचारतात, आई आणि मुलगा यांच्यात कसली अट? हा तर कुटुंबसंस्थेचा अपमान! हा आक्षेप भावनेला पटणारा असला, तरी विचाराला टिकणारा नाही. माता-पित्यांची सेवा हे आपल्या परंपरेने कधीच मुलांच्या मर्जीवर सोडलेले नाही. ते कर्तव्यच मानले. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यानेही वृद्ध माता-पित्यांच्या सांभाळाची जबाबदारी मुलगा आणि मुलगी दोघांवरही टाकली. जे कर्तव्य आहे ते कागदावर लिहिण्यात अपमान कसला? ज्याच्या मातृपितृसेवेसाठी विठ्ठल विटेवर तिष्ठत राहिला, तो पुंडलिकही आधी आई-वडिलांची हेळसांड करणाराच होता, असे कथा सांगते. त्याला उपरती झाली. पण प्रत्येक घरातील उपरतीची वाट पाहण्याइतके आयुष्य वृद्धांच्या हाती नसते.

शासनानेही आपल्या वाट्याचे काम पुरे केलेले नाही. निर्वाह खर्चाची कमाल मर्यादा २००७ च्या मूळ कायद्यात दरमहा १० हजार रुपये ठेवली होती. ती काढून टाकणारे विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले, पण २०२४ मध्ये लोकसभेची मुदत संपताच ते बारगळले. प्रत्येक जिल्ह्यात निराधार ज्येष्ठांसाठी किमान दीडशे जणांचा वृद्धाश्रम असावा, असे कायदा म्हणतो. पण तेथेही बंधनाची भाषा नाही, मुभेची आहे. २०११ च्या जनगणनेनुसार देशात साठीपुढील नागरिक १० कोटींहून अधिक होते. एवढ्या मोठ्या समाजघटकाचा प्रश्न मुभेवर सोडून चालणार नाही.

कायदा सुधारेल तेव्हा सुधारेल. तोवर ज्येष्ठांनी शक्यतो मृत्युपत्राचा मार्ग धरावा. ते हयातीत केव्हाही बदलता येते. बक्षीसपत्रच करायचे असेल, तर सांभाळाची अट त्यात स्पष्ट शब्दांत लिहून घ्यावी. सुपुत्राला त्या वाक्याचा काहीच भार होणार नाही. ज्याला ते वाक्य खुपेल, त्याच्या हाती घर देण्यापूर्वी थांबलेले बरे.