फुलाला किलोचा भाव लावू नका

लग्नाच्या केकचा भाव आपण किलोवर विचारतो आणि तिथेच घोळ होतो. केकवरच्या साखरेच्या गुलाबाचं वजन जेमतेम काही ग्रॅम. त्यात गेलेले तास कुठल्याच काट्यावर दिसत नाहीत.

माझी ताई ही फुलं करते. पिठीसाखर, टायलोज आणि अंड्याचा पांढरा भाग मळून गमपेस्ट करायची. ती पारदर्शक होईपर्यंत लाटायची, पाकळी कापायची, कडा नाजूक मुरडायच्या, एक थर सुकला की पुढचा चिकटवायचा. पावसाळ्यात साखर हवेतला ओलावा ओढते, पाकळ्या माना टाकतात, की पुन्हा पहिल्यापासून.

वर गिऱ्हाईक म्हणतं, "एवढ्याशा फुलाचे एवढे?"

मी कोड लिहितो. माझा पगार ओळी मोजून द्यायचा ठरवला, तर अख्खी टीम राजीनामे देईल. दहा ओळींमागचा आठवडा आपल्याला कळतो, मग दहा पाकळ्यांमागची रात्र का कळत नाही?

"मग खरी फुलं लावा," हाही सल्ला येतो. कण्हेर विषारी असते आणि बाजारातल्या फुलांवर कीटकनाशकं मारलेली असू शकतात. ती केकवर खोचणार?

खरं कारण वेगळं आहे. हे काम घरात होतं आणि बाई करते. संक्रांतीच्या हलव्याचंही तेच. मंद आचेवर थेंब थेंब पाक घालत काटा फुलवणारीला आपण म्हणतो, "काय हौस आहे!" हौस म्हटलं की बिल द्यावं लागत नाही.

केकचे पैसे खुशाल किलोवर द्या. फुलांचे तासांवर द्या.