छतातून उतरणारे कवडसे

आमच्या मोहल्ल्यातल्या मशिदीचं दोन वर्षांपूर्वी नूतनीकरण झालं. कौलं गेली, स्लॅब आला. स्लॅबखाली पीओपीचं छत आलं, लाकडी गजांच्या खिडक्यांच्या जागी सरकत्या काचा आल्या आणि चार एसी बसले. लोकांनी मनापासून वर्गणी दिली होती, कुणाच्याही नीयतबद्दल शंका नाही. पण गेल्या मे महिन्यात ऐन जोहरच्या वेळी वीज गेली आणि पहिल्या सफमधल्या एका बुजुर्गांना चक्कर आली. त्यांना धरून बाहेर ओट्यावर आणलं. बाहेर छान वारा वाहत होता! पाणी प्यायल्यावर ते एवढंच म्हणाले, "पूर्वी इथं पंखासुद्धा नव्हता बाबा, पण जीव घुसमटत नव्हता."

तेव्हापासून मला ढाक्याची बैतुर रऊफ मशीद सारखी आठवते. मी तिथं गेलेलो नाही, तिची छायाचित्रं आणि नकाशे मात्र पुष्कळ वेळा पाहिले आहेत. ढाका शहराच्या उत्तरेला दाट वस्तीच्या फैदाबाद भागात ती 2012 मध्ये पूर्ण झाली. तिची हकिगत एका आजीपासून सुरू होते. सुफिया खातून या बाईंनी आयुष्यात जवळची माणसं गमावली होती. आपल्या जमिनीचा एक तुकडा त्यांनी मशिदीसाठी दिला आणि इमारतीचं काम नातीवर सोपवलं. नात म्हणजे वास्तुविशारद मरिना तबस्सुम. आजी इमारत पूर्ण झालेली पाहू शकल्या नाहीत. पण नातीने आराखडा केला, पैसा उभा करायला झोळी फिरवली आणि बांधकामावरही स्वतः उभी राहिली. वस्तीतल्या लोकांनी पैसे घातले. सदका-ए-जारिया म्हणतात तो हाच.

जागा लहान, आणि किब्ल्याची दिशा प्लॉटच्या रेषेपासून 13 अंशांनी तिरकी. तबस्सुम यांनी बाहेरच्या चौकोनात एक वर्तुळ बसवलं आणि त्या वर्तुळात नमाजचा चौकोनी दालान किब्ल्याकडे फिरवला. फिरवल्यामुळे दालानाच्या चारही बाजूंना उघड्या जागा सुटल्या. उजेड तिथूनच आत येतो. बाहेरच्या भिंती साध्या विटांच्या. विटांमध्ये फटी ठेवून जाळी केलेली, म्हणजे ऊन अडतं आणि वारा आत येतो. छताला छोटी छोटी गोल भोकं आहेत. त्यांतून कवडसे खाली उतरतात आणि सूर्य सरकेल तसे फरशीवर सरकत राहतात. दिवसा दिवा लावावा लागत नाही. किब्ल्याच्या भिंतीत नक्षी नाही, एक उभी अरुंद फट आहे. तिच्यातून येणारा उजेडच दिशा दाखवतो.

या मशिदीला घुमट नाही, मिनारही नाही. "मग ही मशीद कशी?" असं कुणी विचारेल. मदीनेतली पहिली मस्जिद-ए-नबवी आठवावी. कच्च्या विटांच्या भिंती, खजुराच्या खोडांचे खांब, वर खजुराच्या झावळ्या आणि पुढे मोकळं अंगण. 2016 मध्ये बैतुर रऊफला आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळाला. मला मात्र त्याहून मोठी गोष्ट ही वाटते, की तिच्या उंच जोत्यावर दिवसभर मुलं खेळतात आणि म्हातारी माणसं अजानची वाट पाहत गप्पा मारतात.

याच तबस्सुम यांनी पूरग्रस्त नदीकाठच्या लोकांसाठी बांबूचं 'खुदी बाडी', म्हणजे चिमुकलं घर, तयार केलं. पाणी चढलं की माळ्यावर बसायचं आणि वेळ आली तर घर सोडवून दुसरीकडे न्यायचं. 2025 मध्ये त्यालाही तोच पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी लंडनच्या केन्सिंग्टन गार्डन्समध्ये सर्पेंटाइन गॅलरीसाठी त्यांनी लाकडी कमानींचा एक तात्पुरता मंडप उभारला. कल्पना कुठली? आपल्या लग्नाच्या शामियान्याची! कापडातून गाळून येणारा तो मऊ उजेड त्यांनी अर्धपारदर्शक पत्र्यांतून आणला. या मंडपांची प्रथा 2000 मध्ये सुरू झाली, तेव्हा पहिला मंडप बगदादमध्ये जन्मलेल्या झहा हदीद यांनी केला होता.

आता आपल्याकडे पाहू. महाराष्ट्रात किब्ला पश्चिमेला. म्हणून पश्चिमेची भिंत आपण सरसकट बंद ठेवतो. कोकणपट्टीत तर उन्हाळ्यात दुपारचा वारा समुद्राकडून, म्हणजे तिकडूनच येतो. दुपारचं ऊन अडवायला भिंत हवीच, पण मेहराबच्या दोन्ही बाजूंना विटांची जाळी ठेवायला काय हरकत आहे? गरम हवा वर जाते, म्हणून समोरच्या भिंतीत छताजवळ झरोके हवेत. वारा आत आला तर त्याला बाहेर पडायलाही वाट लागते. एकच खिडकी उघडून उपयोग नाही. घर बांधतानाही हाच हिशेब. नकाशा करणाऱ्याला दोनच प्रश्न विचारा. दुपारी तीन वाजता दिवा न लावता इथं कुराण वाचता येईल का? आणि वारा कुठून येईल, कुठून जाईल?

एसी वाईट नाही. आजारी माणसाला, तान्ह्या बाळाला त्याची गरज पडते. पण वीज गेली की जी वास्तू कोंदट होते, तिच्यात आपण पैसा घातला, विचार घातला नाही.

मशीद कमिटीची बैठक येत्या जुम्म्याला आहे. मोठ्या जनरेटरसाठी वर्गणीचा विषय निघणार आहे. मी तिथं एवढंच मांडणार आहे, की आधी पीओपीचं छत काढू आणि वरच्या बाजूला झरोके पाडू. जुन्या गजांच्या खिडक्या अजून मागच्या खोलीत ठेवलेल्या आहेत, त्या पुन्हा बसवू. खर्च जनरेटरपेक्षा जास्त येणार नाही, असं आमच्या गवंड्याचं म्हणणं आहे. ऐकतील की नाही, अल्लाह जाणे. पण ते बुजुर्ग बैठकीला येणार आहेत. ओट्यावर म्हटलेलं ते वाक्य त्यांनी तिथं पुन्हा एकदा म्हणावं, अशी विनंती मी त्यांना केली आहे.